नवोदय सहावी प्रवेश: गावचं मूल ‘शहरी’ कसं ठरतं, आणि अर्ज कोणाचे भरावेत?

पालक_सत्तरी

नमस्कार. आमच्या हायस्कुलाच्या पालक-शिक्षक संघात नवोदयवरून, म्हणजे केंद्र सरकारच्या जवाहर नवोदय या निवासी शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेवरून, वाद चाललाय. नियम नेमके माहीत असलेल्यांनी मार्ग दाखवावा.

हायस्कूल गोव्यात, वाळपई पालिकेच्या हद्दीत आहे. पाचवीतली बहुतेक मुलं आजूबाजूच्या वाड्यांवरच्या सरकारी प्राथमिक शाळांतून चौथी करून आलेली. काही पालक म्हणतात मुलं गावची, तेव्हा ती ग्रामीण कोट्यातच धरणार. काही म्हणतात शाळा शहरातली, म्हणून मूलही शहरी. यातलं खरं काय?

दुसरं, क्लासला जाणाऱ्या मुलांपुढे वाड्यावरच्या मुलांचा निभाव लागणार का? तिसरं, शाळेने ‘हुशार’ अशा आठ-दहा मुलांचेच अर्ज भरायचं ठरवलंय, कारण प्रत्येक अर्जामागे मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं आणि गणेश चतुर्थीच्या आधी कामाची गर्दी असते. हे बरोबर आहे का?

नोंदवही

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. नवोदयच्या नियमात ग्रामीण की शहरी हे शाळेच्या जागेवरून ठरतं. घर कुठे आहे हे त्यात बघत नाहीत. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही पूर्ण वर्षं ग्रामीण भागातल्या सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेत झालेली हवीत. या तीन इयत्तांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत काढला, तरी मूल शहरी. म्हणजे वाड्यावरच्या शाळेत चौथी करून जूनमध्ये वाळपईच्या हायस्कुलात नाव घातलं, त्याच दिवशी ग्रामीण कोटा गेला.

गोव्यात हे इतकं लागतं, कारण आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच आणि पाचवी हायस्कुलात. ज्या राज्यांत गावची शाळा पाचवीपर्यंत चालते तिथे हा नियम बरोबर बसतो. इथे मात्र वाळपई, डिचोली, साखळी, केपें, काणकोण या पालिकांच्या हद्दीतल्या हायस्कुलांत येणारी गावची मुलं सरळ खुल्या जागांच्या रांगेत जातात. एका तुकडीत जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के, म्हणजे ६०, ग्रामीण. उरलेल्या २० गुणवत्तेवर, त्यांत ग्रामीण मुलंही असतात आणि शहरीही. तुमच्या मुलांना झगडायचंय ते या वीसांत.

म्हणून हा विचार चौथीतच व्हायला हवा. पंचायत हद्दीत दुसरं हायस्कूल असेल आणि ते मुलाला सोयीचं असेल, तर पालकांना नाव घालण्याआधी हे कळलं पाहिजे. प्राथमिक शाळेच्या बाईंनी एप्रिलमध्ये निकाल देताना दोन वाक्यांत सांगितलं तरी पुरे. आज हे कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते गोव्यातला सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे. परीक्षा त्याच्या खूप नंतर येते.

फोंडेकार

नोंदवहींच्या म्हणण्याला एक पुरवणी, कारण ‘पंचायत म्हणजे ग्रामीण’ हेही गोव्यात खरं नाही. माहितीपत्रकात शहरी भाग म्हणजे २०११च्या जनगणनेत शहरी धरलेला, किंवा नंतरच्या सरकारी अधिसूचनेने शहरी झालेला भाग. त्या जनगणनेत गोव्यात ७० शहरं आहेत, पण पालिका असलेली त्यातली १४च. बाकी ५६ ‘सेन्सस टाऊन’. लोकवस्ती किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. हे तिन्ही जुळलं की कारभार पंचायतीचा असला तरी जनगणनेत ते शहर. कुर्टी, बांदोडे, कळंगुट, कांदोळी, शिवोली, हळदोणे, नावेली, बाणावली, सांकवाळ, कुडतरी ही सगळी त्यातली. सरपंच आहे, ग्रामसभा भरते, आणि तिथल्या शाळेचं मूल मात्र शहरी.

अर्जात चुकून ‘ग्रामीण’ लिहिलं गेलं तर परीक्षेला कोणी अडवत नाही. निवड झाल्यावर कागद तपासताना ते उघड होतं आणि प्रवेश रद्द होतो. म्हणून अर्ज भरण्याआधी तिसरी ते पाचवीच्या शाळा ज्या ज्या गावात आहेत, ती गावं २०११च्या यादीत बघून घ्या. अर्जाची मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस खिडकी उघडते. तेव्हा लिंग, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांगत्व आणि परीक्षेचं माध्यम एवढंच बदलता येतं.

आमच्या तालुक्यात आणखी एक घोळ होतो. राहणं आणि पाचवीची शाळा दोन्ही त्याच जिल्ह्यात हवं, आणि अर्ज त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी. फोंडा तालुका जानेवारी २०१५पासून दक्षिण गोव्यात आहे. माशेलला घर आणि जुन्या गोव्यात शाळा असलेलं मूल रोज पूल ओलांडून जिल्हा बदलतं. त्याला वाळपईच्या नवोदयलाही अर्ज करता येत नाही आणि काणकोणच्याही नाही.

मला खरं तर ७५ टक्क्यांचा आकडाच गोव्यासाठी पटत नाही. २०११ला इथली ६२ टक्के वस्ती शहरी. म्हणजे ३८ टक्के लोकांच्या मुलांना ८०तल्या किमान ६० जागा. सेन्सस टाऊनमधल्या खाणकामगाराच्या किंवा माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराच्या मुलाने काय करायचं?

गणिताचे मास्तर, केपें

फोंडेकारबाब, तुमचा हिशोब चूक नाही, पण टक्का कमी केला तर फायदा कोणाला होईल ते बघा. खुल्या जागा वाढल्या तर त्या पणजी-मडगावच्या तयारी केलेल्या मुलांकडे जातील, सेन्सस टाऊनमधल्या रेंदेराच्या मुलाकडे नव्हे. नवोदय विद्यालयं १९८६च्या शैक्षणिक धोरणातून आली ती गावातल्या हुशार मुलांसाठीच. माझी तक्रार उलट बाजूची आहे. ग्रामीण कोटा जागा बघतो, घरची परिस्थिती बघत नाही. नवोदयला उत्पन्नाची अट नाही. पंचायत हद्दीतल्या चांगल्या अनुदानित शाळेत शिकणारं, दोन पगारांच्या घरातलं मूल आणि गावडोंगरीच्या वाड्यावरचं मूल एकाच ग्रामीण यादीत येतात. अनुसूचित जातींना किमान १५ आणि जमातींना किमान साडेसात टक्के जागा असतात, जिल्ह्यात लोकसंख्या जास्त असेल तर त्या प्रमाणात वाढतात. ओबीसींना २७ टक्के, पण केंद्राच्या यादीप्रमाणे. राज्याच्या यादीचा दाखला जोडून फसलेले पालक खूप. मुलींसाठी किमान एक तृतीयांश.

आता क्लासचा प्रश्न. पेपर बघा म्हणजे भीती जाईल. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २० प्रत्येकी २५ गुणांना. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण, चुकीला वजावट नाही. बुद्धिमत्तेत शब्द जवळजवळ नाहीतच, सगळ्या आकृत्या. दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न: वेगळी आकृती, जुळणारी आकृती, अपुरी नक्षी पुरी करणं, मालिका, सहसंबंध, भौमितिक आकृती पूर्ण करणं, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद, तुकडे जुळवणं, लपलेली आकृती. क्लास नेमकं काय देतो? या दहा प्रकारांची ओळख. पहिल्यांदा पेपर बघणाऱ्या मुलाची अर्धी वेळ प्रश्न काय विचारतो हे कळण्यात जाते. ही ओळख शाळेत फुकट देता येते. आठवड्याला दोन तासिका, ऑगस्टपासून परीक्षेपर्यंत, प्रत्येक प्रकाराला किमान दोन.

आणि ते फळ्यावर शिकवू नका, हातात द्या. चौकोनी कागद दोनदा घडी घालून पंचने भोक पाडायचं, उघडण्याआधी मुलाने भोकं कुठे येतील ते वहीत काढायचं, मग उघडून ताडून बघायचं. मुलं भोकांची संख्या बरोबर सांगतात, जागा चुकवतात, कारण भोक दुसऱ्या बाजूला उलटं न होता तसंच सरकतं असं त्यांना वाटतं. शेवटची घडी आधी उघडायची ही सवय लागली की चूक थांबते. आरशासाठी खरा आरसा तुटक रेषेवर उभा धरावा. आरसा बाजूला असताना आकृती खाली-वर उलटवणं ही नेहमीची चूक. लपलेल्या आकृतीला ट्रेसिंग पेपर. तुकडे जुळवायला जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापा.

अंकगणितात दोन ठिकाणी गुण जातात: परिमिती आणि क्षेत्रफळ यांची अदलाबदल, आणि अपूर्णांकाचं दशांशात रूपांतर. 

उत्तरपत्रिका ओएमआर, म्हणजे गोळे भरायची, यंत्राने तपासायची. निळं किंवा काळं बॉलपेन, पेन्सिल चालत नाही, खाडाखोड चालत नाही. चौथीपर्यंत पेन्सिलने लिहिलेलं मूल इथे गडबडतं. एक गोळा भरायला सहा सेकंद धरले तरी ८० गोळ्यांना आठ मिनिटं लागतात, आणि एखादा प्रश्न सोडून पुढे गेलं की ओळ सरकते. दर दहा प्रश्नांनी क्रमांक ताडून बघायला शिकवा. शेवटच्या पाच मिनिटांत एकही ओळ कोरी ठेवायची नाही. दहा प्रश्न नुसत्या अंदाजाने भरले तरी सरासरी तीन गुण येतात, आणि कडेवरच्या मुलाला तेवढे पुरतात.

माधवी_डिचोली

मास्तरांनी सगळं सांगितलं, माध्यम राहिलं. आपल्याकडे चार वर्षं मराठीत शिकलेलं मूल पाचवीला इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात जातं आणि दोन-तीन महिन्यांत अर्जात परीक्षेची भाषा विचारतात. पालक घाईने इंग्रजी लिहितात. भाषेच्या भागात चार उतारे असतात, प्रत्येकावर पाच प्रश्न, म्हणजे २५ गुण वाचून समजण्याचे. ज्या भाषेत मूल न अडखळता उतारा वाचतं तीच निवडा, म्हणजे या मुलांसाठी मराठी. अडचण एवढीच की पाचवीचं गणित त्यांनी मराठीतून ऐकलेलं नसतं. लसावि, मसावि, नफा-तोटा, छेद-अंश असे तीसेक शब्द वर्गात लावा, आठवड्यात होतात.

तिसऱ्या प्रश्नावर मी ठाम आहे: आठ-दहा निवडू नका. वयात बसणाऱ्या प्रत्येक मुलाचा अर्ज भरा. अर्ज ऑनलाइन आहे, फी नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीत सरकारी शाळांचे हुशार मुलांसाठी खास वर्ग आहेत. आधी शिक्षक किंवा पालक नाव सुचवतील त्यांचीच बुद्ध्यंक चाचणी व्हायची. २००५पासून दुसरीतल्या सगळ्या मुलांना शब्दांविना आकृत्यांची प्राथमिक चाचणी देऊ लागले. पात्रतेची रेघ तीच ठेवली, तरी गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांची संख्या लक्षणीय वाढली. पैशांअभावी ती चाचणी आवरती घेतल्यावर वाढही ओसरली. ती मुलं वर्गात आधीही होतीच, फक्त कोणाच्या नजरेत आली नव्हती. वर्गात गप्प बसणारं, घरी कोकणी बोलणारं, वहीत अक्षर वाईट असणारं मूल शिक्षकाच्या आठ-दहांत येत नाही. आकृत्यांच्या पेपरात येऊ शकतं.

मुख्याध्यापकांच्या कामाचा भार खरा आहे, पण तो कमी होतो. जूनमध्येच एका तक्त्यात प्रत्येक मुलाची जन्मतारीख, तिसरी-चौथी-पाचवीच्या शाळांची नावं, गाव, तालुका आणि प्रवेशाच्या तारखा भरून घ्या. २०२६-२७च्या प्रवेशासाठी जन्म १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ यांच्या दरम्यानचा लागतो, पुढे दर वर्षी ही मर्यादा एकेक वर्षाने सरकते. प्रमाणपत्रावर मुलाचा फोटो, मुलाची आणि पालकाची सही एका पालकसभेतच उरकता येते. नंतर मुख्याध्यापक एका बैठकीत सह्या करतात. आणि हे एकदाच मिळतं: परीक्षेला दुसऱ्यांदा बसता येत नाही, म्हणून ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्या पालकाला तिथेच थांबवा.

पालक_सत्तरी

सगळ्यांचे आभार. सगळ्यांचे अर्ज भरायचा विषय बैठकीत मांडते. एक शंका राहिली. आमच्याकडे काही मुलांची प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद होऊन शेजारच्या शाळेत विलीन झाली. तिसरीचा दाखला कोणाकडे मागायचा? आणि ज्यांची निवड होणार नाही त्यांना पुढे काही आहे का?

नोंदवही

रजिस्टर ज्या शाळेत विलीन झालं तिथे बघा, नसेल तर तालुक्याच्या भागशिक्षणाधिकारी कार्यालयात. अर्जात मात्र मूल प्रत्यक्ष ज्या शाळेत बसलं तिचं नाव आणि गाव लिहा, ती नंतर ज्या शाळेत विलीन झाली तिचं नव्हे. दोन गावांपैकी एक ग्रामीण आणि एक सेन्सस टाऊन असेल तर यावरच निकाल लागतो. हे काम ऑगस्टच्या आत करा, कारण जुनी रजिस्टरं शोधायला वेळ लागतो.

नवोदय हुकलं तर आठवीत एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत. बौद्धिक क्षमतेचे ९० प्रश्न आणि शालेय विषयांचे ९०, प्रत्येकी दीड तास. पात्रतेला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ३२. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. इथे उत्पन्नाची अट आहे, त्यामुळे मास्तर म्हणतात ती पगारदार घरातली मुलं या रांगेत नसतात. पाचवीत आकृत्यांची जी तयारी कराल ती तिथे पुन्हा कामाला येते, तेव्हा सरावाचे कागद जपून ठेवा.