मदत हवी आहे: चालू इंजिनाच्या ट्यूनिंगचा स्क्रीन मिस्त्रीला कळेल असा कसा करावा?

नमस्कार मंडळी,

जालन्यात माझ्या मामांचं गॅरेज आहे. मामा तीस वर्षं गाड्या दुरुस्त करतायत, मी सॉफ्टवेअर लिहिते. त्यांच्या १.३ लिटरच्या जुन्या जिप्सीला आम्ही स्पीडुइनो बसवलंय, म्हणजे आर्डुइनो मेगा या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारा ओपन सोर्स ईसीयू, इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा संगणक. गाडी फक्त चिखलातल्या शर्यतींसाठी आहे, रस्त्यावर काढत नाही. ट्यूनिंगचे तयार प्रोग्रॅम ताकदीचे आहेत, पण सगळं इंग्रजीत आणि एका स्क्रीनवर आकड्यांची गर्दी. म्हणून मामांसाठी मराठीत साधा प्रोग्रॅम लिहायला घेतला. उन्हाळ्यात बंद असलेल्या एका जिनिंगच्या आवारात आम्ही गाडी फिरवतो. मामेभाऊ चालवतो, शेजारी मामा लॅपटॉप घेऊन, मी मागे.

पेट्रोलचा तक्ता १६ बाय १६ चा आहे, म्हणजे २५६ घरं. आडवे आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, उभा मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला दाब. इंजिन ज्या घरात असेल ते उजळतं, सायलेन्सरच्या नळीतला वाइडबँड सेन्सर धुरावरून हवा-पेट्रोलचं मिश्रण सांगतो, ते स्क्रीनवरच्या रंगीत पट्टीत दिसतं (हिरवी म्हणजे ठीक) आणि मामा बाणाच्या कळांनी त्या घरातला आकडा कमीजास्त करतात. गेल्या रविवारी भावानं एकदम रेस दिली, गाडीनं गचका खाल्ला. मामा लगेच म्हणाले, "पोरी, गाडी वरडून सांगायली पेट्रोल कमी पडायलंय, आन तुझी पट्टी हिरवीच हाय!"

खरं होतं ते. आकडा थरथरू नये म्हणून मी एका सेकंदाची सरासरी दाखवत होते, त्यात तो गचका बुडून गेला. सरासरी काढून टाकली, तरी मूळ दुखणं राहिलंच. ३००० आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला १०० वेळा पेटतं, पण तो धूर सेन्सरपर्यंत पोचून आकडा बदलेपर्यंत इंजिन दुसऱ्याच घरात गेलेलं असतं. मामा आत्ता उजळलेलं घर बदलतात आणि चूक असते मागच्या घरात. चांगलं घर बिघडतं. त्यांचा कान बरोबर असूनही माझा स्क्रीन त्यांना चुकीच्या जागी हात घालायला लावतो, याचं मला फार वाईट वाटतं. हा उशीर स्क्रीनवर कसा दाखवावा?

आणखी एक. बदल केला की तो लगेच चालू होतो, पण 'बर्न' केल्याशिवाय कायम होत नाही. मामांनी तासभर मेहनत घेतली, किल्ली बंद केली, सगळं गेलं. दर बदलाला आपोआप जतन करावं, तर चुकीचा बदलही कायम होतो.

काही गोष्टी जमल्या आहेत. १४.७ चा आकडा काढून टाकला. एक भाग पेट्रोलला किती भाग हवा लागते त्याचा तो आकडा, पण शुद्ध पेट्रोलचा. पंपावरच्या ई-२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) हिशेब साडेतेराच्या आसपास येतो आणि नुसता गोंधळ होतो. आता थेट 'पेट्रोल ४ टक्के कमी' असं लिहून येतं. तक्त्याची सगळ्यात वरची, १०० किलोपास्कलची ओळ कधीच का उजळत नाही, हे मामांनीच विचारलं. जालना समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटर वर, त्यामुळे इथली हवाच ९५ च्या आसपास. टर्बो नसलेलं इंजिन तिथं पोचणार कसं! ती ओळ आता फिकट दाखवते. उन्हात काळा स्क्रीन दिसेना, म्हणून पांढऱ्यावर काळी अक्षरं केली.

प्रतिसाद १

कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये इंजिन माझ्याकडे होतं, त्यावरून सांगतो. उशीर दाखवू नका, मोजून वजा करा. आरपीएम स्थिर धरा, पेट्रोल एकदम १० टक्के वाढवा आणि सेन्सर किती वेळानं हलतो ते नोंदवा. स्लोवर (रेस न देता गाडी नुसती चालू असताना), १५०० ला, ३००० ला असं करत जा. मग आलेलं रीडिंग तेवढ्या वेळापूर्वीच्या घराच्या खात्यात टाका. इंजिन एका घरात सेकंदभर टिकलं तरच ते धरायचं.

एकदम रेस दिल्यावरचा गचका मात्र या तक्त्यात शोधूच नका. थ्रॉटल (रेस दिली की उघडणारी हवेची झडप) उघडताना जे जादा पेट्रोल द्यायचं, ते कमी पडल्यानं बहुधा तो येतो, त्याची सेटिंग वेगळी. तिला वेगळा स्क्रीन द्या, नाहीतर मामा बरोबर असलेली घरं बदलत बसतील.

प्रतिसाद २

बर्नबद्दल: दोन मोठी बटणं ठेवा, 'हे पक्कं करा' आणि 'आधीसारखं करा'. पक्कं न केलेली घरं पिवळी. आणि प्रत्येक बदल लॅपटॉपवर वेळेसकट लिहून ठेवा, म्हणजे किल्ली बंद झाली तरी परत भरता येईल.

धागालेखिका

दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मोजलं. स्लोवर जवळजवळ पाऊण सेकंद, ३००० ला पाव सेकंदाच्या आत. म्हणजे मी सगळीकडे एकच उशीर धरला असता तर तेही चुकलंच असतं. मागचं घर आता निळ्या चौकटीत दिसतं आणि कळा त्याच घरावर चालतात. मामांनी दोन फेऱ्या मारल्या आणि आवाज व चौकट जुळतेय म्हणाले.

गचक्याच्या स्क्रीनवर अडले आहे. थ्रॉटल किती वेगानं उघडला, याचा आलेख मामांना परका वाटतो. पाय हळू दाबला, झटक्यात दाबला, एकदम तळाला नेला, अशा तीन पायऱ्या पुरतील का? कुणी असं करून पाहिलंय?