गोळीने आटोक्यात आलेला फुप्फुसाचा कर्करोग पुन्हा का वाढतो?

देवगडकर: माझ्या आत्याला फुप्फुसाचा ॲडेनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींपासून होणारा कर्करोग) आहे, तिने कधी विडीला हात लावलेला नाही. ईजीएफआर जनुकात बदल आढळल्यामुळे मुंबईच्या डॉक्टरांनी जेफिटिनिबची गोळी सुरू केली आणि वर्षभर ती घरची सगळी कामे करत होती. आता सीटी स्कॅनमध्ये गाठ पुन्हा वाढलेली दिसते. औषध चुकलेले नसताना असे का व्हावे? आता नाइलाज म्हणून केमोथेरपीच उरते का?

जीवरसायन शिकवणारी, रत्नागिरी: ईजीएफआर हे पेशीच्या आवरणावरचे ग्राही प्रथिन आहे. एरवी वाढीचा घटक येऊन चिकटला तरच ते आत संदेश पाठवते. मात्र त्याच्या जनुकातल्या एक्झॉन 19 (एक्झॉन म्हणजे जनुकाचा प्रथिनाची माहिती असलेला भाग) मधला तुकडा गळाला किंवा एक्झॉन 21 मध्ये एल858आर हा बदल झाला, की ते आपोआप चालूच राहते. पुढे रास–राफ–मेक–अर्क ही प्रथिनांची साखळी पेशीला विभाजनाकडे ढकलते आणि पीआय3के–एकेटी–एमटॉर ही साखळी तिला मरू देत नाही. जेफिटिनिब या ग्राहीत एटीपीच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या, जागी बसून हा उगमच बंद करते. परंतु सुमारे निम्म्या रुग्णांत त्याच जागेजवळ टी790एम हा नवा बदल झालेल्या पेशी तगतात आणि गोळी निष्प्रभ ठरते. काहींत मेट नावाच्या दुसऱ्या ग्राहीच्या जनुकाच्या प्रती वाढतात. बागेतला एक पाट अडवला तरी दुसऱ्या पाटाने पाणी माडांना पोहोचावे, तसा संदेश त्याच साखळ्यांत उतरतो.

चिपळूणचा डॉक्टर: म्हणूनच औषध बदलण्याआधी पुन्हा तपासणी हवी. टी790एम रक्तातही शोधता येतो, पण रक्तात सापडला नाही म्हणजे तो नाहीच असे ठरत नाही. तेव्हा गाठीचा तुकडा घ्यावा लागतो. क्वचित ॲडेनोकार्सिनोमाचे रूपांतर स्मॉल सेल या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या वेगळ्या प्रकारात होते, आणि ते तुकड्यावाचून कळत नाही. टी790एम निघाला तर ऑसिमर्टिनिब हे औषध आहे. अमेरिकेत त्याला 2015 मध्ये याच कारणासाठी मान्यता मिळाली. केमोथेरपीला मात्र ‘नाइलाज’ म्हणू नये. टाटा मेमोरियलच्या 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जेफिटिनिबसोबत सुरुवातीपासूनच केमोथेरपी दिल्यावर आजार न वाढण्याचा मध्यक काळ 8 वरून 16 महिन्यांवर गेला. अर्थात त्रासही वाढला.

देवगडकर: आभारी आहे. अहवाल येईपर्यंत गोळी थांबवावी का?

चिपळूणचा डॉक्टर: स्वतःहून मुळीच नको. काही पेशी अजूनही तिला दाद देत असतात आणि ती अचानक बंद केल्यास आजार झपाट्याने उसळू शकतो. हा निर्णय आत्याच्या ऑन्कॉलॉजिस्टनाच (कर्करोगतज्ज्ञांनाच) घेऊ द्या.