मदत हवी आहे : पास्त्याचा घरगुती मसाला, पावसाळ्यात बेसिल वाळवायचं कसं?

बाल्कनीत ओरेगॅनो, थाइम आणि बेसिल यंदा चांगलंच फोफावलंय. रोझमेरी जेमतेम तग धरून आहे. पोरांना दर आठवड्याला पास्ता लागतो आणि विकतच्या सीझनिंगच्या पाकिटावर घटक वाचायला गेलं की मीठ, साखर, लसूण पावडर यांचीच गर्दी. म्हणून घरीच मसाला करून बरणी भरून ठेवायची आहे.

पुण्यात सध्या झड लागलीय, उन्हाचं नाव नाही. थाइम आणि ओरेगॅनोच्या जुड्या बांधून स्वयंपाकघरात उलट्या टांगल्या, त्या मस्त वाळल्या. बेसिल मात्र कडेने काळं पडत जातं, आणि वाळल्यावर चुरून बघितलं तर नुसता पेंढ्याचा वास. काय करावं?

दुसरं म्हणजे, ओरेगॅनो थोडाच निघाला. कुंडीत मरवा भरपूर आहे. तो घातला तर चालेल का, की पास्त्याला गजऱ्याचा वास येईल? :) सासूबाई म्हणतात पानओवा घाल. प्रमाणही सांगा प्लीज.

प्रतिसाद

मरवा बिनधास्त घाला! तो ओरेगॅनोचा सख्खा भाऊ, दोघंही ओरिगॅनम या एकाच वनस्पतीगटातले. ओरेगॅनोचा झणका नसतो, जरा गोडसर लागतो. मी निम्मा-निम्मा घेते. पानओव्याची पानं जाड, रसाळ असतात, या हवेत वाळायच्या आधी बुरशी धरतील. त्यांची भजीच करा. तुळसही नको, लवंगेसारखा वास पुढे येतो.

प्रतिसाद

बेसिलचं पान नाजूक आणि पाणीदार. दमट हवेत सावकाश वाळलं की काळं पडणारच. पानं धुऊन अगदी कोरडी पुसा, दोन पेपर नॅपकिनच्या मध्ये एका थरात पसरा आणि मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर ठेवा. मग वीस-वीस सेकंदांनी बघत राहा, नजर हलवू नका, पटकन करपतं. पान हातात कुरकुरलं पाहिजे. रंग हिरवा राहतो. वास मात्र ताज्याइतका येणार नाही, तो वाळवताना उडतोच. इटलीत ओरेगॅनो वाळवूनच जास्त वापरतात, बेसिल शक्यतो ताजं. तेव्हा बेसिल कुंडीतच राहू द्या आणि गॅस बंद केल्यावर हाताने तोडून घाला, असं माझं मत.

प्रमाण : ओरेगॅनो (मरवा धरून) ३ चमचे, थाइम १, रोझमेरी अर्धा. रोझमेरी आधी खलात कुटून घ्या, नाहीतर दातात काड्या येतात. बाकीचं मिक्सरला लावू नका, पानं अख्खी ठेवून वापरतानाच तळहातावर चोळायची. आणि वरून भुरभुरवण्यापेक्षा सॉस शिजतानाच घाला. वाळलेला पाला ताज्याच्या एक तृतीयांश पुरतो.

धागाकर्ती

वा, मरव्याचं ऐकून जीव भांड्यात पडला. बेसिल थोडं मायक्रोवेव्हला लावून बघते, बाकीचं ताजंच वापरेन. लसूण पावडर आणि चिली फ्लेक्स यातच मिसळून ठेवू का? आणि ताजा लसूण व ही पानं ऑलिव्ह ऑइलमध्ये घालून बाटली भरून ठेवली तर?

प्रतिसाद

चिली फ्लेक्स मिसळा, लसूण पावडर वेगळी ठेवा. ती ओल धरते, सगळ्याचे गोळे होतील. ताजा लसूण तेलात घालून ओट्यावर मात्र अजिबात ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, तिथे बोटुलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात आणि वासावरून कळतही नाही. लसणाचं तेल लागेल तेव्हा लागेल तेवढंच करा.