'ल सामुराई'मधल्या व्हॅलेरीबद्दल मदत हवी आहे

फ्रेंच दिग्दर्शक मेल्विलच्या 'ल सामुराई' या क्राइम फिल्मवर (१९६७) लिहितेय आणि व्हॅलेरीपाशी अडकलेय. क्लबात पियानो वाजवणारी ही कृष्णवर्णीय बाई, कॅथी रोझिएने केलेली, खुन्याला अगदी समोरासमोर बघते आणि पोलिसांपुढे मात्र हा तो नव्हेच असं ठामपणे सांगते, म्हणजे पुढचा अख्खा सिनेमा तिच्या शब्दावर उभा आहे, पण तिची माणसं कोण, ती आली कुठून, काहीच कळत नाही. अर्थात त्या खुन्याबद्दल, अलेन डेलॉनने केलेल्या जेफबद्दलही कळत नाहीच, म्हणून सरळ अन्याय म्हणणं मला पटत नाही. 'रिफिफी', 'ल सेर्कल रूज' हे फ्रेंच क्राइम सिनेमे परत पाहिले, कृष्णवर्णीय पात्राची अशी वजनदार भूमिका दिसली नाही. अमेरिकन सिनेमे नकोत, इंग्रजी सबटायटल्स हवीतच. १९५० ते ७० मधल्या कुठल्या फ्रेंच क्राइम फिल्ममध्ये कृष्णवर्णीय किंवा अल्जेरियन पात्रावर कथा खरंच फिरते?