रि: रि: शनिवारचा वर्ग, झूमवर की व्हॉट्सॲपवर?

मंडळी,
इथे जकार्तात आपल्या मंडळाच्या मुलांचा शनिवारचा मराठी वर्ग कसा घ्यायचा, ते आज ठरवायलाच हवं. मनाचे श्लोक सगळी पोरं एकदम म्हणतात आणि झूमवर नुसता कालवा होतो. 'ळ' कुणाचा धड ऐकू येत नाही. आमच्या शेजारच्या इबू (इकडे बाईंना असंच म्हणतात) जकार्ताच्या सरकारी शाळेत इस्लाम धर्म हा विषय शिकवतात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा त्यांनी एकत्र पठण बंदच केलं. मुलं सूरा, म्हणजे कुराणातले अध्याय, पाठ करून व्हॉइस नोट पाठवायची, इबू रात्री ऐकायच्या आणि चुकलेला तेवढाच तुकडा स्वतः म्हणून परत पाठवायच्या. मागून आई कुजबुजतेय असं वाटलं, तर मधलीच आयत (ओळ) धाडायच्या, पुढची लगेच म्हणून दाखव म्हणायच्या! आपणही तेच करू. झूमचे पैसे वाचतील.
– मेधा

मेधाताई,
शाळेतल्या बाईंकडे आठवड्याचे मोजके तास, त्यात आचार, उपासनेचे नियम, इतिहास सगळंच. कुराण वाचायला मुलं बहुतेक संध्याकाळी मशिदीतल्या वर्गात शिकतात, 'इक्रो'च्या सहा पुस्तिका एकेक करत. आमच्या गल्लीतले उस्ताद, म्हणजे कुराण शिकवणारे गुरुजी, व्हॉइस नोट मानत नाहीत. जीभ कुठे लागते ते दिसलंच पाहिजे म्हणतात. लॉकडाउनमध्ये एका वेळी एकच मूल घ्यायचे, मोबाइल तोंडापाशी. आणि झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा, नाहीतर लांबवलेला सूर गोंगाट समजून कापला जातो. रत्नागिरीला माझ्या पुतण्यांना मौलवींनी असंच शिकवलं.
– नासीर

झूमचे वर्षाचे पैसे भरून झालेत, गणपतीच्या हिशेबात दाखवलेत. वाचणार कुठून? आणि २०२० मध्ये इंडोनेशिया सरकारने इथल्या शिक्षकांना महिना ४२ जीबी इंटरनेट डेटा दिला होता, शाळेच्या मुलांना ३५. त्यातले कशालाही वापरता येणारे फक्त ५, बाकी अभ्यासापुरते. आपल्याला कोण देणार? जाता जाता, मंडळाचा माइक कुणाकडे आहे?
– शिरीष (खजिनदार)

माइक माझ्याकडे आहे आणि विचारूनच नेला होता. डेटाचं म्हणाल तर आमच्या स्वयंपाकवाल्या बाईंच्या गावी, मध्य जावात, रेंजच नव्हती. तिथल्या धर्माच्या शिक्षिका स्कूटरवरून घरोघरी जायच्या. अभ्यासक्रम मात्र शाळा समितीने ठरवायचा, मेलवर नाही.
– अंजली

बरं. श्लोक व्हॉइस नोटवर, 'ळ' नासीरभाई म्हणतात तसा एकेकाला समोर घेऊन, दहा-दहा मिनिटं. व्हॉइस नोट ऐकायला कोण बसणार? शुक्रवारपर्यंत नावं द्या. शिरीषदादा, तुम्ही नको, तुम्ही मुलांना रडवता.
– मेधा