प्रियस ‘रेडी’ होत नाही : भारतवारीनंतर बंद पडलेली गाडी

प्रेषक: सु. दे., नेपरव्हिल

नमस्कार मंडळी,

गाडी २०१२ ची टोयोटा प्रियस, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणारी हायब्रिड. भारतात जाऊन येईपर्यंत महिना-सव्वा महिना गॅरेजमध्ये उभी होती. रिमोटने दार उघडेना, आतल्या धातूच्या किल्लीने उघडलं. ब्रेक दाबून पॉवरचं बटण दाबलं की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे मिणमिणतात, लाल त्रिकोण येतो, टकटक आवाज होतो आणि सगळं विझतं. ‘रेडी’चा दिवा, म्हणजे गाडी चालायला तयार असल्याची खूण, येतच नाही. मागचं (डिकीचं) दार उघडतच नाही. एका गॅरेजवाल्याने फोनवरच निकाल दिला : “हायब्रिड बॅटरी गेली, टो करून आणा.” कुणाला यातलं कळत असेल तर कृपया सांगा.

---

प्रेषक: अ. कु., शॉमबर्ग

सु. दे. काका, टो तूर्तास थांबवा. तुम्ही लिहिलेलं प्रत्येक लक्षण लहान बॅटरीचं, म्हणजे १२ व्होल्टवालीचं आहे.

या गाडीत नेहमीसारखा स्टार्टर नसतो. इंजिन फिरवायचं काम मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर करते. तुमच्या मॉडेलमध्ये ती बॅटरी २०१.६ व्होल्टची, २८ मॉड्यूल्सची. पण मोठी बॅटरी जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि सगळे कॉम्प्युटर चालतात लहान बॅटरीवर. ती उतरली की मोठी कितीही भरलेली असो, गाडी ‘रेडी’ होत नाही. साध्या गाडीत बॅटरी म्हातारी झाली की स्टार्टर आधी कुरकुरतो, आपण सावध होतो. इथे लहान बॅटरीवर तेवढा भार कधी पडतच नाही, म्हणून ती अर्धमेली असली तरी गाडी चालू होत राहते आणि एक दिवस अचानक बंद.

व्होल्टेज कमी पडलं की कॉम्प्युटर भलभलते इशारे देतात. त्यामुळे आत्ता दिसणाऱ्या लाल त्रिकोणावरून काहीही ठरवू नका.

लहान बॅटरी मागे, उजव्या बाजूला, डिकीच्या तळाशी आहे आणि मागच्या दाराची कडी विजेवर चालते. तिथे पोचायची गरजच नाही. बॉनेट हाताने उघडतं. आत फ्यूजबॉक्सचं झाकण काढा, लाल प्लास्टिकची टोपी दिसेल. तिच्याखाली जंप द्यायचं (म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून तात्पुरती वीज द्यायचं) पॉझिटिव्ह टोक आहे. मल्टिमीटरची लाल सुई त्यावर, काळी इंजिनजवळच्या रंग नसलेल्या बोल्टवर. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११ च्या खाली असेल तर वेगळं काही शोधायला नको.

जंप देताना क्रम चुकवू नका :
१. लाल वायर तुमच्या त्या टोकाला, मग दुसऱ्या गाडीच्या पॉझिटिव्हला.
२. काळी दुसऱ्या गाडीच्या निगेटिव्हला, शेवटचं टोक तुमच्या गाडीच्या बोल्टवर.
३. दुसरी गाडी पाचेक मिनिटं थोड्या जास्त रेसवर चालू ठेवा.
४. तुमच्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून बटण. ‘रेडी’ दिवा आला की वायरी उलट्या क्रमाने काढा.

लाल-काळी उलटी लागली तर बॉनेटखालचा मोठा फ्यूज उडतो आणि कधी इन्व्हर्टरलाही (मोटरला वीज पुरवणाऱ्या भागाला) दणका बसतो. लहान लिथियम जंप पॅक असेल तरी चालेल, करंट फार लागत नाही. उलट बाजूने मात्र कधीच नको : प्रियसने दुसऱ्याच्या गाडीला जंप द्यायचा नाही, तिच्या कन्व्हर्टरला (मोठ्या बॅटरीवरून लहान बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाला) दुसऱ्या गाडीच्या स्टार्टरचा भार पेलत नाही.

---

प्रेषक: मी. रा., ऑरोरा

अ. कु. यांच्या सगळ्याला दुजोरा. दोन गोष्टी राहिल्या आहेत, त्यातली पहिली जिवावरची.

गाडी ‘रेडी’ झाली की आधी गॅरेजचं दार पूर्ण उघडा किंवा गाडी बाहेर काढा. इंजिन बंद आहे असं वाटतं, पण चार्जिंगसाठी ते आपोआप चालू होतं आणि बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरतो. चार्ज करताना गाडी ‘पी’ (पार्क) मध्ये ठेवा. ‘एन’ (न्यूट्रल) मध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही.

दुसरं, थंडीचं. पार उतरलेली बॅटरी उणे १० सेल्सिअसच्या आसपासही गोठू शकते. बॅटरीचं कवच फुगलेलं दिसलं तर जंप देऊ नका, नवीनच घाला.

मागचं दार आतूनही उघडतं. मागची सीट पाडून आत सरका, दाराच्या आतल्या बाजूला खाली एक छोटं झाकण आहे. ते स्क्रूड्रायव्हरने काढलं की आतली कडी हाताने सरकते. जागा अडचणीची आहे, गुडघ्यांची कटकट असणाऱ्यांनी घरातल्या पोराला पाठवावं.

---

प्रेषक: सु. दे., नेपरव्हिल

मीटरवर ६.८ व्होल्ट. जंप दिल्यावर ‘रेडी’ आला, आता त्याच टोकावर १४.१ दाखवतंय. लाल त्रिकोण गेला. आता पुढे काय?

---

प्रेषक: अ. कु., शॉमबर्ग

१४.१ म्हणजे कन्व्हर्टर उत्तम. ‘रेडी’ असताना १३.५ च्या वर जातच नसतं, तर गोष्ट वेगळी होती.

तासभर चालवा, मग रात्रभर उभी ठेवून सकाळी गाडी चालू करण्याआधी बॉनेटखालच्या टोकावर पुन्हा मोजा. ६.८ पर्यंत उतरलेली बॅटरी सहसा परत पूर्ण ताकद धरत नाही. १२.४ च्या खाली आली तर बदला.

नवी घेताना एजीएम प्रकारचीच (आतलं आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेलं असतं ती) घ्या आणि बारीक खांबाची (म्हणजे वायर जोडायची टोकं बारीक असलेली), बाजूला वायूची नळी जोडायची सोय असलेली. ही बॅटरी प्रवासी बसतात त्याच पोकळीत असते, तेव्हा ती नळी बाहेर जोडलेली असायलाच हवी. दुकानातला पोरगा “ही बसते की” म्हणून साधी देईल, ती घेऊ नका. १० मिमीचा पाना पुरतो. आधी निगेटिव्ह काढा, लावताना तीच शेवटी.

नारिंगी वायरींना (त्या मोठ्या बॅटरीच्या, जास्त व्होल्टच्या) हात लावू नका, हे सगळ्यांसाठीच.

---

प्रेषक: प्र. ना., ओक ब्रूक

हा धागा जपून ठेवावा, दर डिसेंबरात हाच प्रश्न येतो. एक पुरवणी : मीटर १२.५ दाखवत असूनही ‘रेडी’ येत नसेल तर मग काय.

आधी किल्ली. तिचा सेल संपला असेल तर टोयोटाचं चिन्ह असलेली बाजू पॉवर बटणाला टेकवून ब्रेक दाबा. मग ब्रेकचा स्विच : कुणाला तरी मागे उभं करून ब्रेकचे दिवे लागतात का बघा. दिवे लागत नसतील तर गाडी ब्रेक दाबलाय असं मानतच नाही. त्यावर मॅन्युअलमधला उपाय असा, गाडी ‘पी’ मध्ये, पार्किंग ब्रेक लावून, ‘अ‍ॅक्सेसरी’ वर (गाडी चालू न होता फक्त रेडिओ वगैरे चालतो ती स्थिती), आणि ब्रेक दाबून बटण साधारण १५ सेकंद धरून ठेवायचं. हे फक्त गॅरेजपर्यंत जाण्यापुरतं.

पेट्रोल संपलेलं असलं तरी ही गाडी काही अंतर निव्वळ बॅटरीवर जाते आणि मग रुसते. तेव्हा बॅटरीला दोष देण्याआधी पेट्रोल किती आहे ते बघा.

मोठी बॅटरी खरीच बिघडली तर गाडी बहुधा ‘रेडी’ होतेच. मागचा, बॅटरी थंड ठेवणारा पंखा घोंघावतो, चार्जचे बार वर-खाली उड्या मारतात, बिघाडाचा कोड पी-०-ए-८० येतो. हा कोड स्कॅनरवर दिसल्याशिवाय कुणाला हजारो डॉलर देऊ नका. आणि टो लागलाच तर फ्लॅटबेड मागा, पुढची चाकं जमिनीवर फिरली तर मोटर वीज तयार करते.

---

प्रेषक: मी. रा., ऑरोरा

पुढच्या भारतवारीसाठी हिशोब. उभ्या गाडीत साधारण २५ मिलीअँपियर खर्च होतो, म्हणजे दिवसाला ०.६ अँपियर-तास. पाच आठवड्यांत २१. नव्या ४५ अँपियर-तासांच्या बॅटरीची जवळपास निम्मी, जुनीची सगळी. डॅशकॅम किंवा ओबीडीचा डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचं छोटं उपकरण) लावलेला राहिला तर त्याआधीच.

गॅरेजमध्ये प्लग असेल तर एजीएमचा पर्याय असलेला १ अँपियरचा मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) बॉनेटखालच्या त्याच टोकाला लावून ठेवा. प्लग नसेल तर निगेटिव्ह काढून जा. पण मागचं दार मग आपटून बंद करू नका, वर सांगितलेली आतली कडी कुठे आहे ते आधी शोधून ठेवा, आणि किल्लीतलं धातूचं पातं कॉम्प्युटरच्या बॅगेत घाला, मोठ्या सूटकेसमध्ये नाही.