मदत हवी आहे: धूळ उडवत चाललेल्या बैलबंड्यांच्या शॉटमधून मोबाईल टॉवर कसा काढू?

घाटंजीकर:
नमस्कार मंडळी. माझं पोट लग्नाच्या शूटिंगवर आहे, पण सध्या दोस्तांसोबत एक शॉर्ट फिल्म करतोय. गोष्ट १९८६ ची, एकाधिकार कापूस खरेदीच्या, म्हणजे कापूस सरकारलाच विकायच्या दिवसांतली. कापसाच्या बंड्या केंद्रावर निघतात, तिथं रांग लागते, मग चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या पैशांची, वाट पाहणं सुरू होतं. सुरुवातीलाच पांदणीवरून तीन बंड्या जातानाचा ११ सेकंदांचा शॉट आहे. जिंबल हातात धरून मी दुसऱ्या बंडीच्या बाजूनं चाललो. सूर्य समोर असल्यामुळे धूळ अशी पेटल्यासारखी दिसते की शॉट टाकून द्यायची हिंमत होत नाही.

पण मागं निंबाच्या रांगेवर मोबाईल टॉवर उभा आहे. डाव्या हाताला ग्रामपंचायतीचा सोलर दिवा आहे आणि विजेचे खांब तर आहेतच. पहिल्या पाच सेकंदांत टॉवर मोकळ्या आभाळात दिसतो. नंतर दुसऱ्या बंडीच्या बैलांची शिंगं त्याच्यापुढून जातात आणि पाठोपाठ धुळीचा लोट येतो.

रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत टॉवरवर आभाळाचा तुकडा, म्हणजे पॅच, लावून पाहिला, तर तो आभाळात तरंगतो. शूट ४के, २५ फ्रेम, शटर १/५०, ८ बिट. मशीनला १६ जीबी रॅम आणि ४ जीबीचं कार्ड. पुन्हा शूट होणार नाही, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या. लाकडी चाकाच्या बंड्या मिळवतानाच नाकी नऊ आले होते, सगळीकडे टायरच्या झाल्यात.

फ्रेम_पंचवीस:
आधी बिनमेहनतीचं विचारतो. फायनल १०८० मध्ये देणार असाल तर ४के फ्रेमला दुपटीपर्यंत आत जायला जागा आहे. थोडं झूम करून टॉवर फ्रेमबाहेर जात नाही का?

घाटंजीकर:
सोलर दिवा जातो, तो प्रश्न मिटला. टॉवर मात्र बरोब्बर दुसऱ्या बंडीच्या डोक्यावर आहे. तो कापला तर कापसाचा ढीगही कापला जातो.

बंडीवाला:
राजेहो, खांब कायले काढता? शहाऐंशीत आमच्या गावात लाईन होती ना. टावर काढा, ते बरोबर हाये, मोबाईल आपल्या देशात आला १९९५ मधी. खांबाचं एकच पाहा. त्याच्यावर काळी जाड केबल असंन तर ते अलीकडचं काम हाये, आकडे टाकू नये म्हणून टाकतात ते. उघड्या तारा असंन तर राहू द्या, शोभतात.

घाटंजीकर:
काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. फुटेज पाहिलं, तारा उघड्याच आहेत. फक्त शेवटच्या खांबावरून एका घराकडे काळी केबल गेलीय. निम्मं काम वाचवलं तुम्ही.

वर्धेचा_एडिटर:
पॅच तरंगतो म्हणजे ट्रॅकिंग (वस्तूची हालचाल सॉफ्टवेअरनं धरणं) चुकीच्या वस्तूवर झालंय. तुम्ही बंडीवर किंवा पांदणीवर ट्रॅक केलं असणार. तुम्ही चालत होता, त्यामुळे जवळच्या वस्तू भराभर सरकतात आणि दूरच्या जवळपास जागेवरच राहतात. पॅच ज्या अंतरावर बसवायचा, त्याच अंतरावरचं काहीतरी धरलं पाहिजे. इथं टॉवरच धरा. त्याच्या जाळीला इतक्या कडा आहेत की ट्रॅकरला दुसरं काही लागत नाही.

रिझॉल्व्हच्याच फ्यूजन पेजवर प्लॅनर ट्रॅकर घ्या आणि टॉवरभोवती आकार काढा. शिंगं आडवी येतात तेवढ्या फ्रेमसाठी शिंगांवर वेगळा ढोबळ मास्क (आखलेला आकार) काढून तो ट्रॅकरच्या ऑक्लूजन मास्कला, म्हणजे आडवं येणारं वगळणाऱ्या जोडणीला, जोडा, म्हणजे ट्रॅकर शिंगांमागं पळत सुटणार नाही. ट्रॅक झाल्यावर ऑपरेशन मोड स्टेडी करा. आता टॉवर पडद्यावर ठोकून बसवल्यासारखा स्थिर दिसेल. एका स्वच्छ फ्रेमवर पेंट टूलच्या क्लोननं शेजारचं आभाळ टॉवरवर ओढा, तीच फ्रेम होल्ड करा, आणि मग त्याच ट्रॅकरची प्रत लावून स्टेडी उलटा करा. पॅच आपोआप कॅमेऱ्यासोबत हलायला लागतो.

मात्र हे सगळं चित्र मूळ फुटेजच्या जागी ठेवू नका. स्थिर करून परत हलवताना प्रत्येक पिक्सेल दोनदा मोजला जातो आणि चित्र मऊ पडतं. मास्क लावून फक्त टॉवरपुरता तुकडा मूळ शॉटवर मर्ज करा.

एक विचारायचं राहिलं: एक्स्पोजर ऑटोवर होतं का? तसं असेल तर होल्ड केलेला तुकडा दोन-तीन सेकंदांत वेगळ्या उजेडाचा दिसायला लागेल.

घाटंजीकर:
मॅन्युअल होतं. लग्नात हॅलोजनखाली एकदा ऑटोचा हिसका बसला, तेव्हापासून ऑटो बंद.

अंबानगरी:
आफ्टर इफेक्ट्स आहे का कुणाकडे? त्यात व्हिडिओसाठी कंटेंट-अवेअर फिल २०१९ मध्ये आलं. टॉवरवर मास्क काढून तिथं भोक पाडायचं आणि फिल चालवायचं. मागचा भाग कुठल्या ना कुठल्या फ्रेममध्ये उघडा पडत असेल तर ते झकास चालतं. तुमचे पहिले पाच सेकंद बहुतेक एका दमात निघतील. रिझॉल्व्हमध्येही ऑब्जेक्ट रिमूव्हल आहे, पण ते पैशाच्या स्टुडिओ आवृत्तीत. फुकटात चालवलं तर चित्रावर शिक्का येतो.

वर्धेचा_एडिटर:
पहिल्या पाच सेकंदांसाठी मान्य. पुढं शिंगं आणि धूळ आली की ते यंत्र शिंगाचे तुकडेच आभाळात पेरतं. तिथं हातानंच करावं लागणार. काळ्या केबलसाठी मात्र फ्यूजनच्या पेंटमध्ये वायर नावाचा मोड आहे, तो आजूबाजूचे पिक्सेल तारेवर ओढतो. स्ट्रोक पॉलीलाइनचा घ्या. मल्टीस्ट्रोक मुळात एकाच फ्रेमपुरता राहतो, मग लोक म्हणतात केबल परत आली.

घाटंजीकर:
टॉवरचा वरचा भाग गेला! पॅच हलत नाही. आता तीन ठिकाणी अडलोय. टॉवरची खालची जाळी निंबाच्या शेंड्यांतून दिसते. शिंगं पॅचखाली गडप होतात. आणि धुळीचा लोट टॉवरच्या जागेवर आला की चौकोनी कापल्यासारखा थांबतो. आधीचं सगळं जमलं असतं, पण ही धूळ बघवत नाही.

वर्धेचा_एडिटर:
जाळीचं सोपं आहे. पानापानांतून ती पुसत बसू नका, जन्म जाईल. त्याच रांगेतला दाट शेंड्याचा तुकडा घ्या, जाळीच्या जागी बसवा आणि झाड हातभर उंच करा. उजेडाच्या विरुद्ध असल्यामुळे झाडं काळपटच दिसतात, जोड कळणार नाही.

शिंगांना रोटो (कड आखून वेगळं काढणं) करावंच लागेल, त्यातून सुटका नाही. शिंगाभोवती पॉलिगॉन काढा, पण दर फ्रेमला नाही. बैलाची मान जिथं दिशा बदलते तिथं की (कीफ्रेम, आकाराची खूण) टाका, मधलं सॉफ्टवेअर भरतं, उरलेलं दुरुस्त करा. १/५० शटरला हलत्या शिंगाची कड धूसर असते. मास्कला मोशन ब्लर चालू करा, नाहीतर शिंग कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं दिसेल. दोन्ही शिंगं एका मास्कमध्ये घेऊ नका, त्यांची चाल वेगळी असते.

धुळीला रोटो नाही. ती अर्धपारदर्शक आहे, तिला कडच नाही. खरी धूळ वाचवायचा नाद सोडा. पॅच टॉवरच्या जागेपुरता ठेवून त्याची कड चांगली फेदर, म्हणजे मऊ, करा आणि वरून नवी धूळ टाका. रात्री काळ्या कापडापुढे, त्याच पांदणीची माती चाळून, मागून तिरका एलईडी मारून उडवा. कॅमेरा २५ फ्रेम आणि १/५० वरच ठेवा. लोट शॉटमध्ये ज्या दिशेनं जातो त्याच दिशेनं जाऊ द्या. ते फुटेज स्क्रीन मोडमध्ये वर ठेवलं की काळं गळून जातं आणि धूळ तेवढी उरते. सकाळचा पिवळेपणा द्या आणि मूळ लोटापेक्षा जरा पसरट टाका, म्हणजे ती फक्त टॉवरच्या जागेवरच आहे हे कळणार नाही.

बंडीवाला:
माती उडवाले नाकाले दुपट्टा बांधजा. अन् वारा पाहून, नाहीतर सारी कॅमेऱ्यावर.

घाटंजीकर:
उडवली. घरच्यांनी अंगणात उभं राहून पाहिलं, त्यांना वाटलं पोरगं कामातून गेलं. पण बसली! चौकोन गायब झाला. आता फक्त आभाळात पॅचच्या आसपास पट्टे दिसतात, आणि पॅच जरा जास्तच गुळगुळीत वाटतो. शिवाय रेंडर लावला की लाईन जाते आणि फाईल अर्धवट राहून उघडतच नाही.

फ्रेम_पंचवीस:
पट्टे आणि गुळगुळीतपणा, दोन्हीला औषध एकच. होल्ड केलेल्या फ्रेममधलं ग्रेन (चित्रातले बारीक कण) मेलेलं असतं, बाकी आभाळात ते हलत असतं. पॅचवर फ्यूजनचं ग्रेन टूल लावा, शॉट दोनशे टक्क्यांवर बघत शेजारच्या आभाळाशी जुळवा. ८ बिटच्या आभाळात ग्रेडिंग (रंग-उजेड बदलणं) केलं की पट्टे येतातच, तेही त्या ग्रेननं मोडतात. ग्रेडिंग पॅचच्या आधी नको, सगळं झाल्यावर पूर्ण शॉटवर एकत्र करा.

रेंडर सरळ एका फाईलमध्ये काढू नका. टिफ किंवा ईएक्सआर फ्रेमच्या रांगेत काढा. तुमच्या २७५ फ्रेम आहेत. लाईन गेली तर शेवटची फ्रेम बिघडेल, ती पुसून तिथूनच पुढं सुरू करा. सगळ्या आल्या की टाइमलाइनवर टाकून एक फाईल करा, ते काम इन्व्हर्टरवरही होतं.

घाटंजीकर:
फ्रेमच्या रांगेत लावलाय. मधे एकदा लाईन गेली, पुढच्या फ्रेमपासून परत सुरू केला. झाला की आधी-नंतरचा शॉट इथंच टाकतो. काका, चुकाऱ्याची पावती हातात घेतलेला एक क्लोजअप घ्यायचाय. त्या काळची पावती कुणाच्या घरी पडली असेल तर सांगा, माणूस पाठवतो.

बंडीवाला:
पेटीत पाहतो. उंदरानं ठेवली असंन तर.